घरच्या एस्प्रेसो मशीनवर दुधाला नीट फेस का येत नाही?

तुम्ही इंदूरहून लिहिलंय की मशीन घेऊन महिना झाला, कॉफी बरी उतरते, पण दुधाचं काही जमत नाही. एक तर साबणाच्या पाण्यासारखे मोठाले बुडबुडे येतात आणि कपात ओतेपर्यंत बसतात, नाहीतर फेसच येत नाही, दूध नुसतं तापतं. घरी दूध येतं ते म्हशीचं, सुटं, उकळून फ्रिजमध्ये ठेवलेलं. आणि शेवटी विचारलंय, मशीन परत करू का?

नका करू, निदान आठवडाभर तरी. मीही इंदूरचाच, राजेंद्र नगरात राहतो, आणि याच खड्ड्यात चांगला दीड महिना पडून होतो. तेवढ्यात मी तऱ्हेतऱ्हेचे व्हिडिओ पाहिले, दूध फेसायचा जग बदलला, हाताचा कोन बदलला, एकदा तर चिडून मशीनच खोक्यात भरून ठेवली. दूध मात्र बदललं नाही. कारण आपल्याकडे दूध म्हणजे दूध, त्यात काय बदलायचं! शिवाय आमचे दूधवाले भैया आणतात ते दूध इतकं दाट की त्यात खोट असेल अशी शंकाही मनाला शिवली नाही. खोट नव्हतीच. ते दूध साईसाठी, तुपासाठी, बासुंदीसाठी एक नंबर आहे, या कामासाठी नाही, एवढंच.

फेस म्हणजे काय, तर हवेचा बारीक बुडबुडा आणि त्याच्याभोवती दुधातल्या प्रथिनांनी धरलेलं पातळ आवरण. हे आवरण टिकलं तर फेस टिकतो. दुधातली चरबी चवीला हवीच, पण ती मोठ्या मोठ्या कणांत सुटी झाली की हे आवरण फोडत सुटते. पिशवीच्या किंवा खोक्याच्या बऱ्याचशा दुधात चरबीचे कण यंत्राने फोडून अगदी बारीक केलेले असतात. पाकिटावर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलेलं असतं ते हेच. सुट्या दुधात ते केलेलं नसतं, आणि म्हशीच्या दुधात चरबी मुळातच जास्त. उकळून गार केल्यावर तिची साय होते. साय काढली तरी तिचे तुकडे खाली राहतातच आणि वाफेच्या नळीच्या टोकाशी जाऊन चिकटतात. मला आधी वाटायचं की दोष उकळण्याचा आहे. पण टेट्रापॅकमधलं दूध तर १३५ अंशांच्या वर तापवलेलं असतं आणि त्याला छान फेस येतो. म्हणजे फक्त तापण्याने बिघडत नाही, खरी भानगड सुट्या झालेल्या चरबीची आणि सायीची.

तेव्हा पहिला प्रयोग हा करा. सांचीची नाहीतर अमूलची टोन्ड दुधाची पिशवी आणा, न उकळता फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवा (दारात नको, तिथे पुरेसं गार राहत नाही) आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा घरचं दूध, एकदा पिशवीचं दूध, त्याच जगात, त्याच हाताने करून पाहा. मी केलं तेव्हा पहिल्या कपात नेहमीचाच चिखल आणि दुसऱ्यात बुडबुडे वेगळे दिसत नाहीत असं लोण्यासारखं चमकणारं दूध. दीड महिन्याचा वैताग दोन कपांत निकालात निघाला.

आमच्या घरी खरा तंटा इथून पुढे सुरू झाला. आईला न उकळलेलं दूध कपात पडलेलं पाहवेना. मी सांगितलं, पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच गार केलेलं. ती म्हणाली, ‘ते त्यांनी केलं म्हणे, आपण पाहिलंय का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. शेवटी फ्रिजमध्ये कॉफीची पिशवी वेगळी, तिला आई हात लावत नाही, आणि चहाला भैयांचं दूध उकळून पूर्वीसारखं. मात्र एक गोष्ट आईचीच खरी: सुटं दूध न उकळता कधीही वापरू नका. वाफेने आपण दूध ६०-६५ अंशांपर्यंतच नेतो, तेही क्षणभर. कच्च्या दुधाला ते पुरत नाही.

टोन्ड म्हणजे ३ टक्के चरबी, फुल क्रीम म्हणजे ६. शिकताना टोन्ड घ्या, हात बसला की फुल क्रीमवर या, चव त्याचीच. डबल टोन्डचा फेस भसाभस येतो, पण कोरडा येतो, कापूस खाल्ल्यासारखा. मला आवडत नाही.

आता आवाजाबद्दल. माझ्या मते निम्मं काम कानाने होतं.

सुरुवातीला नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाच्या जेमतेम खाली हवं. तेव्हा ‘चिर्र… चिर्र…’ असा आवाज येतो, कोरं कापड हळूहळू फाडावं तसा. एवढाच आवाज हवा, आणि तोही थोडाच वेळ. खदखद, गुडगुड ऐकू आली तर टोक वर आलंय आणि मोठमोठी हवा आत जातेय, तुमचे साबणाचे बुडबुडे इथून येतात. उलट तीक्ष्ण किंचाळी ऐकू आली, शेजारी चौकशीला येतील अशी, तर टोक फार खोल गेलंय, हवा आत जातच नाही. तुमचं ‘दूध नुसतं तापतं’ ते हे.

जगाला दुसरा हात लावून ठेवा. जग हाताला कोमट लागला, म्हणजे आपल्या अंगाइतका, साधारण ३७ अंश, की हवा देणं बंद. टोक जरा खाली घ्या, नळी मध्यापासून थोडी बाजूला, म्हणजे दुधात भोवरा पडेल. पुढचं सगळं काम त्या भोवऱ्याचं. तोच मोठे बुडबुडे खाली ओढून बारीक करतो. भोवरा न पडता दूध नुसतं थरथरत असेल तर जग जरा तिरका करा, पडतो. हात दोन सेकंदांहून जास्त टेकवत नाही असं झालं की वाफ बंद. ७० च्या वर गेलात तर दुधाला उकळल्याचा वास येतो, गोडवा जातो आणि फेसही ढासळायला लागतो. आपल्याला चहा वाफाळता लागतो, त्यामुळे ६० अंशांची कॉफी आधी कोमट वाटते. चार दिवस सोसा.

दूध गारच का हवं, तर हवा द्यायला वेळ मिळावा म्हणून. फ्रिजमधलं ४-५ अंशांचं दूध ३७ वर यायला जो काही वेळ लागतो तेवढाच तुमच्या हातात असतो. बाहेर ठेवलेलं दूध मेमध्ये इंदूरला आधीच तीसच्या पुढे असतं, मग राहिलंच काय.

जग अर्ध्याहून कमी भरा, चोचीच्या बुडापर्यंत. मी सुरुवातीला घरातलं फुलपात्र वापरत होतो. त्याला चोच नाही आणि भोवरा पडायला उंची नाही, अर्धं दूध ओट्यावर. झाल्यावर जग ओट्यावर दोनदा आपटा, मग गोल गोल फिरवा, पृष्ठभाग ओल्या रंगासारखा चकाकला की लगेच ओता. फोन घ्यायला गेलात तर फेस वर आणि दूध खाली, दोघांची फारकत.

मोठे बुडबुडे वाईटच असतात असं मात्र नाही. आपल्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, कढईतलं दूध उंचावरून या भांड्यातून त्या भांड्यात ओततात, तो फेस मोठ्या बुडबुड्यांचाच, आणि मलईसकट मिटक्या मारत आपण तो संपवतो. लग्नातल्या स्टॉलवर जी ‘एस्प्रेसो’ मिळते, मोठ्याने फुसफुसणारी मशीन आणि वर चॉकलेट पावडर, तिचाही फेस असाच. तुम्हाला तसाच हवा असेल तर तुमचं काही चुकत नाहीये, इथेच थांबा.

दूध बदललं, आवाजही बरोबर, तरी फेस नाही? मग नळीकडे या. घरगुती मशीनच्या नळीवर पुष्कळदा एक बाहेरचं आवरण असतं, प्लास्टिकचं किंवा स्टीलचं, त्याच्या अंगावर एक बारीकसं भोक. हवा आपोआप ओढून घेणारं ते भोक. ते दुधाच्या वर राहिलं पाहिजे, आत बुडालं की हवा कुठून येणार? दुधाने बुजलं तरी तेच. माझं दोन आठवडे बुजलेलं होतं आणि मला ते भोक आहे हेच माहीत नव्हतं, मला वाटलं साच्यातली खूण असेल. शेवटी बायकोने चष्मा लावून पाहिलं आणि शिवणाच्या सुईने आतून वाळक्या दुधाची पिवळट गुठळी काढली, तांदळाच्या कणीएवढी. तुमच्या मशीनला असं आवरण असेल तर वर सांगितलेली खोलीची कसरत कमी लागते, भोक सांभाळलं की बरंच काम होतं. पण फेस जरा जाडच येतो. आवरण काढून आतल्या उघड्या नळीने करणारेही आहेत. जमलं तर फेस जास्त रेशमी येतो, पण हात बसायला वेळ लागतो.

नळी वापरल्या वापरल्या ओल्या फडक्याने पुसा आणि क्षणभर वाफ सोडा. दहा मिनिटांनी पुसू म्हणालात तर दूध भाजून चिकटतं, मग टोक गरम पाण्यात भिजत घालावं लागतं. दूध करण्याआधीसुद्धा एकदा फडक्यात वाफ सोडा, नळीत साचलेलं पाणी निघून जातं, नाहीतर ते सगळं दुधात. आणि वाफेचा दिवा लागेपर्यंत थांबा. लहान मशीनमध्ये एकाच बॉयलरला कॉफीसाठी नव्वदीतलं पाणी आणि दुधासाठी शंभराच्या बऱ्याच वरची वाफ, दोन्ही करायचं असतं. घाई केली की वाफेऐवजी पाणी थुंकतं.

पाण्याचं थोडक्यात. बिल्डिंगमध्ये नर्मदेचं पाणी आणि बोअरिंगचं मिसळून येत असेल तर मशीनच्या आत तोच पांढरा थर चढतो जो गीझरच्या कॉइलवर दिसतो, आणि वाफेचा जोर हळूहळू कमी होतो. मी गाळलेलं पाणी घालतो आणि दर दोन महिन्यांनी पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे क्षार काढतो. लिंबाचं सत घालण्याआधी पुस्तिका वाचा, बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर उगाच प्रयोग नकोत.

एक विचित्र प्रकार अजून सांगायचा राहिला. कधी कधी काल झकास फेस देणाऱ्या त्याच दुधाला आज काहीच येत नाही, वर आलेले बुडबुडे सोड्यासारखे चुरचुरत फुटतात. दूध नासलेलं नसतं, चहाही होतो. अशा दुधात चरबीचं थोडं विघटन होऊन सुटी आम्लं तयार झालेली असतात, आणि ती फेसाची कट्टर वैरी. पिशवी उन्हात दारावर लटकून राहिली असेल तर संशय आधी तिच्यावर घ्या. यावर हाताचं कौशल्य चालत नाही, दुसरी पिशवी फोडायची, पहिलीचा चहा करायचा.

सरावाला रोज दूध फुकट घालवू नका. जगात गार पाणी घ्या, भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाका आणि त्यावर भोवरा पाडायला शिका, बरंचसं दुधासारखंच वागतं. नंतर नळी नीट धुऊन दोनदा वाफ सोडायला मात्र विसरू नका, मी एकदा विसरलो होतो आणि पहिला कप पाहुण्यांना गेला.

हे सगळं करूनही जमलं नाही तर घड्याळ लावा. माझ्या मशीनला १५० मिली गार दूध हाताला चटका बसेपर्यंत तापवायला पाऊण मिनिट लागतं. तुमच्या मशीनला, टोक स्वच्छ असताना, दोन-अडीच मिनिटं लागत असतील तर वाफेलाच जोर नाही. तेव्हा बिल शोधा आणि वॉरंटीत दाखवायला न्या.