फॉर्म उघडला की माइक सुरू

सर्वेक्षणांचा हंगाम आला की ओडीके कलेक्टमध्ये, म्हणजे फोनवर सर्वेक्षणाचे फॉर्म भरायच्या अ‍ॅपमध्ये, मुलाखतीचा आवाज नोंदवण्याबद्दल हेच प्रश्न पुन्हा येतात. म्हणून एकदाच उत्तरं देतो.

ओडीके कलेक्टमध्ये आवाज नोंदवायला वेगळं रेकॉर्डर अ‍ॅप लागतं का? (शिरपूर)

नाही. सोय आतच आहे. अ‍ॅप जुनं असेल तर अपडेट करा.

'फक्त आवाज' हा दर्जा ठेवला की जागा वाचते म्हणतात. ठेवू का? (अमळनेर)

'म्हणतात' सोडा, हिशेब करा. त्या दर्जात तासाला साधारण 5 एमबी, नेहमीच्या दर्जात 30. अर्ध्या तासाच्या 40 मुलाखती म्हणजे 100 एमबी किंवा 600. फोनला 600 जड नाहीत, धडगावच्या पाड्यावरून पाठवताना जातात. पण अहिराणीत मुलगा आंडोर आणि मुलगी आंडेर. आवाज दाबलेला, वर पंखा घरघरतोय. मग घरात मुली किती, हे ऐकणाऱ्याने अंदाजाने लिहायचं. एक मुलाखत दोन्ही दर्जांत घ्या, उतरवून काढणाऱ्याला ऐकवा आणि त्याला विचारूनच ठरवा.

आमची सर्वेक्षक मुलं घरी बसून फॉर्म भरतात असा संशय आहे. कुणाला न सांगता बॅकग्राउंड रेकॉर्डिंग, म्हणजे फॉर्म भरताना मागे आपोआप चालणारं, लावलं तर? (जळगाव)

लावू नका. चोर पकडायचा म्हणून ज्या बाईने तुम्हाला ओट्यावर बसवून पाणी दिलं तिचा आवाज चोरायचा, हे कुठलं पर्यवेक्षण? आणि एक गोष्ट फॉर्म बनवणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही: हे रेकॉर्डिंग फॉर्म उघडताच सुरू होतं. म्हणजे संमतीचा प्रश्न फॉर्ममध्ये पहिला ठेवलात, तरी 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधीच बाईचा आवाज टेपात. शेजारीण डोकावली, सासू मधे बोलली, तेही. म्हणून संमती फॉर्म उघडण्याआधी घ्या, तिच्या भाषेत, आवाज कोण ऐकणार आणि कधी पुसणार हे सांगून. नको म्हणाली तर मेनूतून रेकॉर्डिंग बंद करता येतं. हे सर्वेक्षकाला प्रशिक्षणात हाताने करायला लावा. नाहीतर संमतीच्या प्रश्नानंतरच उघडेल असा साधा ऑडिओ प्रश्न ठेवा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा आहे. संस्थेच्या नीतिसमितीला लेखी विचारा. सर्वेक्षकांनाही आधीच सांगा. रेकॉर्डिंग होतंय हे कळलं की बरेचसे फॉर्म आपोआप खरे होतात.

मधेच फोन आला तर? (चोपडा)

आवाज तुटू शकतो. एरोप्लेन मोड लावा. फॉर्म नेटशिवाय भरता येतो.

एक विक्रेता म्हणतो, अहिराणी आणि पावरी बोलीतल्या रेकॉर्डिंगचं आपोआप लिखाण, शंभर टक्के अचूक. घ्यावं का? (नंदुरबार)

शंभर टक्के म्हणणाऱ्याला चहा पाजा, पैसे देऊ नका. संमती घेतलेली, तुमच्याच तालुक्यातली दहा मिनिटं त्याच्यासमोर चालवा आणि निकाल पावरी बोलणाऱ्याकडून तपासून घ्या. नमुना त्याच्या पेनड्राइव्हवर मात्र जाऊ देऊ नका.

तीन महिन्यांपूर्वीची रेकॉर्डिंग फोनमध्येच आहेत, पाठवायची राहिली. अ‍ॅप काढून पुन्हा टाकू का? (यावल)

हात लावू नका. काढलंत तर न पाठवलेले फॉर्मही जातील. आजच तुमच्या डेटा पाहणाऱ्या माणसाकडे फोन घेऊन जा.