सहा जण आणि चौघांचा पट

प्रश्न : ताई, आम्ही सहा मित्रमैत्रिणी जळगावात नोकरीला आहोत. शनिवारी संध्याकाळी माझ्या घरी खेळायला बसतो. हौसेने कॅटान हा पटावरचा खेळ आणला, तर तो चौघांचाच निघाला. दोघं बाजूला मोबाइल बघत बसतात. एक मित्र एकेका चालीला इतका वेळ लावतो की बाकीचे जांभया देतात. परवा एकाने ‘दहा-दहा रुपये लावू, मग रंग चढेल’ म्हटलं, तर बायको भडकली. काय करू?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, आधी माणसं मोजायची, मग खेळ काढायचा. तुम्ही उलटं केलंत. कॅटान खेळ झकासच आहे. 1995 साली जर्मनीत आला तो तीन-चार जणांसाठी. पाच-सहा जणांना बसायचं तर वाढीव संच वेगळा विकत घ्यावा लागतो. तो घ्या हवा तर, पण सहा जणांत आपली पाळी येईस्तोवर चहा गार होतो, आणि तुमचे ते विचारवंत मित्र असतील तर दुसरा कपही.

त्यापेक्षा मेंढीकोट काढा. चौघांचाच असतो असं कोणी सांगितलं? चारही दुर्‍या बाजूला काढायच्या, राहिली 48 पानं, प्रत्येकाला आठ. तीन-तीनच्या दोन जोड्या, एक सोडून एक बसायचं. तीन दश्श्या घेतल्या की डाव तुमचा, चारही घेतल्या की कोट. दश्श्या दोन-दोन झाल्या तर हात मोजायचे. इथेच भांडण होतं, कारण आठ हातांत चार-चार बरोबरी होऊ शकते. तेरा हातांच्या डावात ती भानगड नसते. आमच्या ओट्यावर असा डाव बाद धरून पानं पुन्हा पिसतात. तुम्ही काय ते पहिलं पान पडायच्या आत ठरवा. हुकूमही बंद ठेवायचा (एक पान आधीच झाकून) की काटून करायचा (उतारीचा रंग नसलेला पहिल्यांदा जे पान टाकेल त्याचा), हे आधीच बोलून घ्या.

तुमच्या त्या मित्रालाही हाच खेळ लागू पडेल. किलवरची उतारी आली की किलवरच टाकावं लागतं. हातात किलवरची दोन पानं असतील तर माणूस विचार करून करून किती करणार? कॅटानमध्ये त्याला रस्ता, वस्ती, देवघेव असं सगळंच खुणावतं. आणि जोडीदार ‘टाक ना भो!’ म्हणून ओरडायला असतोच.

पत्त्यांचा कंटाळा आला तर कोडनेम्स. 2015 चा खेळ आहे, दोन गट पाडून सहा जणांत मस्त रंगतो. विकतच्या संचातले शब्द इंग्रजी, म्हणून मी घरीच चिठ्ठ्या करते. पाच ओळींत पाच-पाच अशा 25 चिठ्ठ्या मांडायच्या. नऊ शब्द पहिल्या गटाचे, आठ दुसऱ्याचे, सात कोणाचेच नाहीत, एक मारेकरी. तो उघडला की गट जागीच हरला. कोणता शब्द कोणाचा, ते फक्त दोन म्होरक्यांकडच्या कागदावर. म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा सांगायचा, बाकीच्यांनी ओळखायचं. आमच्याकडे एकीने ‘भुसावळ, दोन’ म्हटलं. गटाने ‘इंजिन’ आणि ‘केळी’ दोन्ही बरोबर उचलले. पुढच्या खेपेला ‘आखाजी, तीन’ (आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया) आलं, तेव्हा ‘झोका’ आणि ‘आंबा’ झटकन निघाले. तिसरा ‘पत्ते’ होता, तो मात्र बायकांना सुचेना, पुरुषांना आधी सुचला!

आता पैशांचं. आपल्याकडे आखाजीला बायका झोक्यावर आणि पुरुष पत्त्यांवर, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. त्या दिवसांत कोणाच्या खिशाला किती भोक पडलं हेही गावाला ठाऊक असतं, त्यामुळे वहिनी भडकल्या यात मला नवल वाटत नाही. रमीत मुख्यतः कौशल्य लागतं असं सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये म्हटलंय, आणि तुमचा तो मित्र नक्की हाच दाखला देईल. देऊ द्या. दहाचे पन्नास व्हायला एक शनिवार पुरतो, आणि हरलेला माणूस पुढच्या शनिवारी ‘काम आहे’ म्हणतो. फुटाणे लावा. नाहीतर हरलेल्या जोडीने भांडी घासायची. वहिनी स्वतःच डावात बसतील, बघा.

खाण्याचं वेळापत्रक सांगून ठेवते. शेवभाजीची तर्री लागलेल्या बोटांनी पिसलेला कॅट दुसऱ्या शनिवारी चिकटून बसतो, केळ्याचे वेफर्सही तेवढेच वाईट. खेळताना फुटाणे, भाजके शेंगदाणे, बस. थंडीत बामणोदची वांगी मिळाली तर भरीत आणि कळण्याची पुरी, पण पानं डब्यात गेल्यावर. आणि ‘शेवटचा डाव’ कितीला, हे वहिनींना ठरवू द्या. हरणाऱ्याला विचारलंत तर तो शेवटचा कधी येतच नाही.