आकडे आहेत, कशाचे ते नाही

सोलापूर
रविवार, रात्री साडेदहा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

दुपारी तू गेलीस आणि शेंगा चटणीचा डबा ओट्यावरच राहिला. काकू म्हणाली, फोन करा. म्हटलं, नको, पत्रच लिहितो. फोनवर तू "हो काका, हो काका" करतेस, मला बोलल्याचं समाधान मिळतं आणि पुढे काही होत नाही.

तुमच्या पेपरच्या ॲपवर लोकांनी टाकलेले, तू मोबाइलवर दाखवलेले ते शेरे दुपारपासून डोक्यातून जात नाहीत. एक तारा, एक तारा, दोन तारे, परत एक. त्यातला एक मी तुला दोनदा वाचायला लावला. "अक्षर मोठं करा. आईला दिसत नाही." एवढंच लिहिलं होतं. खाली तुमचं उत्तर: "आपल्या बहुमूल्य अभिप्रायाबद्दल धन्यवाद! ॲप आवडल्यास पाच तारे जरूर द्या." तू हसलीस, मग गप्प झालीस, मग म्हणालीस, "काका, हे मीच टाकलंय. तयार उत्तरं पाच दिलीत, त्यातलं तिसरं. दिवसाला सत्तर टाकते. सोडू का नोकरी?"

नोकरीचं मला विचारू नकोस. घरात कर्ज आहे का, भावाची फी भरायची आहे का, ते तुला माहीत. मी एकच विचारतो. त्या माऊलीच्या फोनवर तुमचं ॲप कसं दिसतं, ते तू बघितलंस? तुमच्या ऑफिसात एकाने तरी बघितलं? त्यावर तू म्हणालीस, "आमच्याकडे तर नीट दिसतं, काका." आणि मी तडकलो. काकू स्वयंपाकघरातून बघायला आली, इतका आवाज चढला. तुझ्यावर नव्हता चढला. हे वाक्य मी स्वतः म्हणून बसलोय.

1993 ची गोष्ट. मी ज्या दैनिकात होतो तिथे वाचकांची पत्रं माझ्याकडे यायची. करमाळा तालुक्यातल्या एका गावातून एका शेतकऱ्याचं कार्ड आलं, 15 पैशांचं, जांभळ्या शाईतलं. "कांद्याच्या बाजारभावात आकडे आहेत, कशाचे ते नाही." मी टेबलावरचा अंक उघडला. सोलापूर बाजार समिती, कांदा, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. सगळं जागच्या जागी. मी छापील कार्ड टाकलं: आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. पंधरा दिवसांनी परत तेच कार्ड आलं, मी परत छापील टाकलं. तिसऱ्यांदा आलं तसा मी वैतागलो. स्वतःच्या हाताने लिहिलं, "आमच्या अंकात सर्व मजकूर स्पष्ट आहे. आपण एकदा चष्मा तपासून घ्यावा."

चौथं कार्ड आलं. त्यावर शब्द एकही नव्हता. पेपरातलं कात्रण खळीने चिकटवलेलं होतं. कांदा, आणि पुढे चार आकडे. वर मथळ्यांची ओळच नाही.

तो डाक आवृत्तीचा अंक होता. लांबच्या तालुक्यांचे गठ्ठे लवकर निघायचे म्हणून ते पान आधी लागायचं, आणि एक जाहिरात बसवायला बाजारभावाची पट्टी वरून कापायचे. किमान, कमाल, सर्वसाधारण हे शब्द रोज रात्री कटरखाली जात होते. शहराच्या आवृत्तीत जाहिरात दुसरीकडे असायची, त्यामुळे तिथे पट्टी शाबूत. मी टेबलावर शहराचा अंक उघडून करमाळ्याच्या माणसाला चष्मा लावायला सांगत होतो. त्याला यातला कुठला आकडा सर्वसाधारण भावाचा, ते कळायला नको? कमाल भाव एखाद्या ढिगाला मिळतो. तो आकडा धरून टेम्पो भरला की भाड्याचेसुद्धा सुटत नाहीत.

त्याच रात्री पट्टी दुरुस्त करून घेतली. पण त्या माणसाला काही मी लिहिलं नाही. लाजेने लिहिलं नाही. रोज म्हणायचो, उद्या. नंतर पत्ता असलेलं ते कात्रणाचं कार्डच हरवलं. आम्ही तीन माणसं, रात्रपाळी दोनपर्यंत, टेबलावर पत्रांचा ढीग, हे सगळं खरं आहे, आणि काकूला मी आजवर हेच सांगत आलोय. पण एका कार्डाला किती वेळ लागतो ग?

म्हणून सांगतो, त्याच्या हातात जे आहे ते बघ. तुझ्या टेबलावरचं नको.

आता माझ्या घरातलंच बघ. काकूचा दिवस निधन वार्तेपासून सुरू होतो, मग राशिभविष्य, मग जग. टाळेबंदीत पेपर दारात येईनासा झाला तेव्हा पोराने माझ्या फोनवर ॲप टाकून दिलं, नंबर स्वतःचा घातला आणि पुण्याला निघून गेला. आता काय होतं? ॲप मधूनच बाहेर काढतं, ओटीपी मागतं, तो ओटीपी हिंजवडीला जातो. पोरगा मीटिंगमध्ये. इथे काकू हातात फोन धरून बसलेली, गल्लीत कोण गेलं ते कळायला. तासाभराने ओटीपी येतो, तोवर त्याची मुदत संपलेली. एकदाचं आत गेलं की पेपराचं पान उघडतं. निधन वार्ता खालच्या कोपऱ्यात. दोन बोटांनी मोठं करावं आणि वाचायला जरा बाजूला सरकवावं, तर पानच उलटतं आणि क्रीडा विभाग येतो. परत मागे जावं तर पान आपलं लहानच्या लहान. ही बाई चाळीस वर्षं भाकरी थापतेय, तिच्या बोटात कंप नाही. बोट चुकत नाही, तुमचं पान चुकतं. यावर तुमच्या पाच तयार उत्तरांतलं कितवं लागू पडतं, ते मला सांग.

शेजारचे अण्णा यंत्रमागावर होते, पूर्व भागात. बातमीवर जाहिरात येते, तिच्या कोपऱ्यातली फुली त्यांच्या अंगठ्याखाली सापडतच नाही. दर वेळी जाहिरातच उघडते, आणि अण्णा माझ्यावर ओरडतात, "तुमचा पेपर मला प्लॉट विकायला बसलाय!" बोटाने दाबायची जागा 48 डीपी (पडद्यावरचं माप), म्हणजे साधारण 9 मिलिमीटर असावी, असा गूगलचाच सल्ला आहे, हे तूच सांगितलंस. मी अण्णांच्या फोनवर पट्टी लावून मोजलं. फुली 3 मिलिमीटर भरली. तुला माहीत होतं, मोजलं मात्र मी.

अक्षराचंही तेच. अण्णांनी फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर सगळ्यांत मोठं करून ठेवलंय. व्हॉट्सॲप मोठं दिसतं, मेसेज मोठे दिसतात, तुमची बातमी मुंगीएवढी. अक्षराचं माप एसपी या दुसऱ्या एककात दिलं असतं तर फोनच्या सेटिंगबरोबर वाढलं असतं, डीपीत दिलं म्हणून जागच्या जागी राहतं, हेही तुझ्याच तोंडून ऐकलं. मग "आईला दिसत नाही" वाचल्यावर हे तुझ्या डोक्यात का नाही आलं? कारण तुझी नजर ताऱ्यांवर होती. मला राग आला तो याचा. तू हुशार आहेस म्हणून जास्त आला.

आणि तो 12 जानेवारीचा शेरा. आपल्या चार हुतात्म्यांना 1931 साली त्या दिवशी येरवड्यात फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. या नावांत एक काना इकडचा तिकडे झाला तरी आमच्या टेबलावर कार्डांचा पाऊस पडायचा, आणि पडायलाच हवा. तुमच्या ॲपच्या सूचनेत, म्हणजे नोटिफिकेशनमध्ये, "श्रीकिसन"मधला श्री फुटून नुसता चौकोन आणि किसन आलं. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये उलटवताना जोडाक्षर तुटलं, एवढंच. मशीन आहे, होतं. पण ज्याने लिहिलं "हुतात्म्याचं नाव तरी नीट छापा", त्याला तुम्ही उत्तर दिलं: "कृपया आपले इंटरनेट कनेक्शन तपासा." पोरी, हे माझं चष्म्याचं कार्ड आहे. अक्षरशः तेच.

तू म्हणशील, काकांचा काळ वेगळा होता, काकांना टार्गेट नव्हतं. नव्हतं, बरोबर. पण फुकटात मलाही काही मिळालं नाही. त्या कात्रणानंतर मी दर गुरुवारी सुट्टीच्या दिवशी एसटीने एखाद्या तालुक्याला जायचो, स्टँडवर पेपर विकत घ्यायचो, तिथेच बाकावर बसून वाचायचो. अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा. तिकीट माझ्या खिशातून. ऑफिसात मला "डाकवाले" म्हणायचे. पुढे जाहिरात विभागाशी त्या पट्टीवरून तीनदा वाजलं आणि माझ्यामागून आलेला माणूस माझ्या वरच्या जागेवर बसला. हेकट म्हणाले. होतोच. आजही म्हणतो, माझं चुकलं नाही. काकू म्हणते चुकलं, गुरुवार तरी घरी द्यायचे होते. तिचंही बहुतेक बरोबर असेल, पण आज विषय तो नाही.

एक जुना फोन मिळव. कपाटात पडलेला, काच तडकलेली, जागा सुप्रभातच्या फुलांनी भरलेली, असाच हवा. अक्षर सगळ्यांत मोठं कर, त्यावर तुमचं ॲप टाक आणि रोज सकाळी साहेबांच्या आधी त्यावर पेपर वाच. सत्तर उत्तरं टाकायचीच असतील तर साठ टाक तयार, मी काही म्हणणार नाही, पोट आहे. उरलेली दहा मात्र त्या फोनवर बघून लिही. 350 अक्षरंच बसतात आणि त्यात काना-मात्रासुद्धा मोजतात म्हणून रडलीस ना? माझ्या त्या शेतकऱ्याने सात शब्दांत काम केलं होतं. "तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी बघितलं" एवढं लिहिलंस तरी पुष्कळ. पण बघितल्याशिवाय लिहू नकोस.

साहेब विचारतील, याने तारे वाढतात का. मला माहीत नाही, आणि खरं सांगू, मला त्याचं घेणंही नाही. तुला आहे, ते कळतं. मग पाण्यापासून सुरुवात कर, तिथे त्यांनाही पटेल. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, माणूस कामावरून सुट्टी टाकून पाण्यासाठी थांबतो. तुमची सूचना येते, "सोलापूरकरांनो, पाण्याबाबत मोठी बातमी!" दाबलं की जाहिरात, मग फोटो, मग आयुक्त काय म्हणाले, आणि कुठल्या भागाला कधी येणार ते तळाला. बातमी आहे, कुठल्या भागाची ते नाही. ऐकल्यासारखं वाटतंय ना? भागाचं नाव सूचनेतच टाका. नाही उघडली कुणी बातमी तर नाही उघडली, घागरी तर भरल्या.

आता पुरे. डोळे दुखायला लागले. डबा फडक्यात बांधून ठेवलाय, पुढच्या रविवारी घेऊन जा. येशील तेव्हा तो नंबर बदलायचं आधी बघ. काकूने सकाळपासून निधनाचं पान वाचलेलं नाही, ओटीपी अजून पुण्यालाच जातोय.

तुझा,
काका