ती कामाला निघालेली असते

पोरी,

अनेक आशीर्वाद. इतक्या रात्री मेसेज आला म्हणजे झोप उडालेली दिसते. टूर मॅनेजर म्हणून तुझा जपानचा पहिलाच ग्रुप, आणि त्यातले काका-काकू आत्तापासूनच विचारतायत, "गेइशा दाखवणार ना?" त्यात गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्याची बातमी तू वाचलीस आणि आता विचारतेस, क्योतोच्या कार्यक्रमातून गिओन काढूनच टाकू का?

काढू नकोस. बातमी नीट वाच. हानामिकोजी हा गिओनचा मुख्य रस्ता सार्वजनिक, तो खुला आहे. 2024 मध्ये बंद झाल्या त्या त्याला फुटणाऱ्या, खासगी मालकीच्या चिंचोळ्या गल्ल्या. तिथे परवानगीशिवाय फोटो काढलात तर 10,000 येन भरावे लागतील, अशा पाट्या 2019 पासूनच होत्या. कुणी जुमानलं नाही. पर्यटकांनी गेइशांच्या किमोनोच्या बाह्या ओढायच्या, टॅक्सीला गराडा घालायचा, घरांसमोरच्या बांबूच्या वाकड्या कुंपणावर टेकून फोटो काढायचे. रहिवाशांनी आणखी किती सोसायचं?

एवढं एकच डोक्यात पक्कं ठेव: ती कामाला निघालेली असते. संध्याकाळी साडेपाच-सहाला दिसणारी मायको, म्हणजे शिकाऊ गेइशा, ही बहुधा विशीच्या आतली मुलगी. नववीपर्यंतचं शिक्षण संपवून ओकियात, म्हणजे त्यांच्या निवासघरात, राहायला आलेली. केस स्वतःचे, त्यामुळे ती रचना मोडू नये म्हणून रात्री उंच उशीवर मान टेकून झोपायचं. पायात ओकोबो म्हणजे जाडजूड लाकडी खडावा, पाठीवरून घोट्यापर्यंत लोंबणारा ओबी, म्हणजे किमोनोचा कमरपट्टा. एवढ्या जामानिम्यात ती झपझप चालते, कारण तिला वेळेवर पोचायचंय. तुझ्या ऑफिसच्या वाटेवर रोज वीस माणसं मोबाइल रोखून आडवी आली तर तू काय करशील?

ग्रुपमधला कुणीतरी हसत हसत 'तसलं' काहीतरी विचारेलच. आपल्याकडे संगीत बारीतल्या बाईकडे लोकांनी कुठल्या नजरेनं बघितलं, ते तुला सांगायला नको. त्या माणसाला बसमध्ये, माईकवर, सगळ्यांदेखत उत्तर दे. नाच, शामिसेन हे तंतुवाद्य, गाणं, पाहुण्यांशी बोलणं हा तिचा पेशा आहे आणि तो शिकायला वर्षं जातात. संकोच करू नकोस. मी कधी केला नाही.

ओचायात, म्हणजे गेइशांच्या बैठकी होतात त्या चहाघरात, आत नेता येईल का, असंही विचारलंयस. नाही येणार. आणि यात विदेशी म्हणून मनाला लावून घेऊ नकोस, अनोळखी जपानी माणसालाही ते दार बंदच असतं. तिथे बैठक संपल्यावर पैसे द्यायचे नसतात. बाहेरून मागवलेलं जेवण, टॅक्सी, गेइकोचा (क्योतोत गेइशाला गेइको म्हणतात) मोबदला, सगळं ओचायाच आधी भागवते आणि बिल मागाहून जातं. म्हणून जुन्या गिऱ्हाइकाची ओळख लागते. पाहुण्यानं बिल बुडवलं तर ओळख देणाऱ्यानं निस्तरायचं. आपल्या जुन्या सराफाकडे असंच चालायचं की.

पण उघडी दारं आहेत ना! तुझा ग्रुप एप्रिलचा. गिओन कोबूच्या काबुरेन्जो या नाट्यगृहात तेव्हा मियाको ओदोरी हा गेइको-मायकोंच्या नाचाचा कार्यक्रम चालू असतो. राजधानी तोक्योला गेल्यावर क्योतो ओस पडायला लागलं, तेव्हा 1872 मध्ये शहरानं प्रदर्शन भरवलं आणि त्यासाठी हा नाच सुरू झाला. सुरुवातीला "मियाको ओदोरी वाऽ" अशी हाक येते, "योऽइयासाऽ" असा प्रतिसाद येतो, आणि दोन्ही बाजूंच्या हानामिचीवरून, म्हणजे प्रेक्षकांतून जाणाऱ्या मंचाच्या वाटेवरून, निळ्या किमोनोतल्या नर्तकींच्या रांगा येतात. तासाभराचा खेळ. इथे तिच्याकडे डोळे भरून बघायचं. ती त्यासाठीच उभी आहे. बाहेर रस्त्यावर ती कामाला निघालेली असते. हा फरक ज्या टूर मॅनेजरला कळत नाही, त्यानं सिंगापूरची रोलर कोस्टर दाखवावी.

सिंगापूरचं नाव उगाच आलं नाही. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथे कुणाच्या तरी डोक्यातून 'सायंकाळी गेइशा दर्शन' अशी ओळ माहितीपत्रकात आली. मी म्हटलं, दर्शन कसलं, ती काय देवळात बसलीय? ओळ काढा, नाहीतर ग्रुप दुसऱ्याला द्या. दिला. नंतर वर्षानुवर्षं मी सिंगापूर-मलेशिया केलं. वाईट वाटतं का? वाटतं. हिगाशी चाया बघायचं राहिलंच. कानाझावा शहरातला तो 1820 चा चहाघरांचा मोहल्ला, तिथे शिमा नावाचं जुनं चहाघर आतून बघता येतं. तुझ्या ग्रुपला एक दिवस जास्त असेल तर ने. घरचे अजून चिडवतात की इतक्यांदा जाऊन मायकोचा एक फोटो नाही. नाहीये. काढायला सोपा होता. माझ्या जागी ज्यानं तो ग्रुप नेला, त्याच्याकडे ढीगभर असतील. मला आजही तीच ओळ काढायला सांगावीशी वाटेल. ह्याला हट्ट म्हणायचं तर म्हण.

आता कामाचं. मियाको ओदोरीचा दुपारचा खेळ घे. शेवटचा घेतलास तर ग्रुप नेमका मायको निघायच्या वेळी हानामिकोजीवर सांडेल, आणि मग तू कुणाकुणाचे मोबाइल खाली करणार? खेळ संपला की बसनं थेट क्योतोच्या दक्षिण भागात, फुशिमीला. तिकिटं चहासकटची काढ. थोडी महाग पडतात, पण खेळाआधी गेइकोचा चहाचा विधी बघायला मिळतो आणि ज्या बशीत गोड देतात ती बशी घरी नेता येते. काकू खूश होतील.