तिची वही परत द्या, मग मार्गांचं बोलू

यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांचं पत्र आलंय. मुलीला बारावी सायन्सला 78 टक्के. लातूरला ठेवून डॉक्टरकीची नीट परीक्षा दोनदा दिली, सरकारी कॉलेज लागलं नाही. आता ती तिसऱ्यांदा बसायला तयार नाही. राष्ट्रीय उद्यानं कशी उभी राहिली, कशी राखली गेली, हे शिकायचंय, त्यासाठी इतिहासात बीए करते म्हणते. वडील लिहितात, "जंगलाला कसला इतिहास? झाडं होती, सरकारने कुंपण घातलं. फार तर रेंजर होऊ दे. भाऊबंदांना काय सांगू? तिची त्या विषयाची वही काढून घेतली आहे. तिला नीटकडे कसं वळवावं?"

भाऊ, गुण मी एकदाच वाचले, वहीचं वाक्य मात्र परत परत. मोबाइल काढून घेतला असता तर एक वेळ समजलं असतं. पण नीटचा अभ्यास सांभाळून, कुणी न सांगता लेकीने वही भरली आणि तुम्ही ती कपाटात टाकलीत! लातूरचा खर्च वाया गेला म्हणून तिसरं वर्ष, हा हिशेब तर मला अजिबात पटत नाही. सीएमव्ही हा विषाणूरोग आलेली केळीची रोपं उपटून फेकताना रोपांचे पैसे वसूल व्हायची वाट तुम्ही बघत नाही. आणि भाऊबंदांचं म्हणाल, तर ते पुढच्या लग्नसराईपर्यंत विसरतील.

आता जंगलाच्या इतिहासाकडे वळतो. रानपिंगळा हा घुबडाच्या जातीचा छोटा पक्षी 1884 नंतर कुणाला खात्रीने सापडलाच नव्हता. 1914 साली गुजरातेत मिळाल्याची एक नोंद होती, त्या भरवशावर लोक भलतीकडेच शोधत राहिले. पुढे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले जुने नमुने तपासले, तेव्हा कळलं की माइनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तो नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. मग खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणी शोध घेतला आणि 1997 साली पक्षी सापडला तो आपल्या शहाद्याजवळ. खानदेशात नोकरीला असलेल्या डेव्हिडसनने त्याच भागात तो शतकापूर्वी टिपला होता. जुनी चिठ्ठी कुणीतरी संशयाने वाचली, म्हणून हे झालं.

कुंपणाचंही तेच. अमेरिकेतल्या 1872 च्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून तिथल्या मूळ जमातींना बाहेर ठेवलं गेलं, आणि पुढे 1886 ते 1918 तिथे लष्कराचा अंमल होता. आपल्याकडे 1936 चं हेली, म्हणजे आजचं कॉर्बेट, मग 1955 चं ताडोबा, मग 1972 चा वन्यजीव कायदा. राष्ट्रीय उद्यानात चराई चालत नाही, अभयारण्यात काही हक्क राहू शकतात. तुमच्या तालुक्यात अभयारण्य आहे, पण अख्ख्या खानदेशात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. का नाही, हे शोधायला एक प्रबंध लागेल. आणि हा विषय नुसता पुस्तकी नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात पाड्यावरच्या पावरा आदिवासी माणसाला 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा कबजा दाखवावा लागतो, बिगर-आदिवासीला तर तीन पिढ्यांचं, 75 वर्षांचं वास्तव्य. जुने नकाशे, खात्याच्या नोंदी, म्हाताऱ्यांचे जबाब, हेच पुरावे. ते वाचता येणारी माणसं फार थोडी आहेत.

आता लेकीला दोन शब्द. बेटा, लगेच बीए नको. भारतीय वनसेवेला निव्वळ इतिहासाची पदवी चालत नाही, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा भूविज्ञानासारखा विषय लागतो. राज्याच्या वनसेवेलाही विज्ञानाची पदवी हाताशी असलेली बरी. सायन्स झालंच आहे, तर जवळच्या कॉलेजात बीएस्सी कर, नाहीतर अकोला किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठातली वानिकीची पदवी बघ. इतिहासात एमए नंतरही करता येईल, किंवा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एमएस्सी. "राष्ट्रीय उद्यानांचा इतिहासकार पाहिजे" अशी जाहिरात कधीच निघणार नाही. पगार उशिरा सुरू होईल, हे घरी आत्ताच सांगून टाक.

भाऊ, नीटचा फॉर्म भरायचा की नाही ते तिला ठरवू द्या. पुढचं पत्रही तिनेच लिहावं. तुमच्या फोनवरून पाठवलं तरी चालेल, पण तुम्ही ते वाचू नका.