पूरग्रस्त किंवा धरणग्रस्तांसोबत 'घर' या विषयावर सहभागी नाटक कसं घ्यावं?

कोल्हापूर भागात २०१९ आणि २०२१च्या पुरात घर सोडावं लागलेली माणसं आहेत, धरणासाठी गाव सोडून आलेलीही. दोघांना एकाच गटात आणू नका; पुरातला माणूस घरी परततो, धरणग्रस्ताचं गाव पाण्याखालीच राहतं.

१५-२० जण, अडीच तास, देवळाचं किंवा शाळेचं पटांगण पुरे. सुरुवात खडूने करा. प्रत्येकाने जुन्या घराचा आराखडा जमिनीवर खऱ्या मापात काढायचा: उंबरा, चूल, गोठा. मग त्यातून चालायचं. तिथे नसलेल्या दाराच्या चौकटीखाली माणसं आपसूक वाकतात, आणि तिथूनच बोलायला लागतात. इथे घाई करू नका, पाऊण तास द्या.

पुढे ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांची फोरम थिएटरची पद्धत. ८-१० मिनिटांचा प्रसंग बसवा, उदाहरणार्थ पंचनाम्यात भाडेकरूचं नाव न येणं. शेवट हरण्याचाच हवा. तोच प्रसंग दुसऱ्यांदा सुरू झाला की बघणाऱ्यांपैकी कुणीही 'थांबा' म्हणावं आणि अन्याय सोसणाऱ्याच्या जागी उभं राहावं. तलाठ्याच्या जागी नाही! तलाठीच एकदम चांगला झाला तर प्रश्न जादूने सुटतो आणि हाती काही लागत नाही.

ज्याचं नुकसान झालं त्याला स्वतःचाच प्रसंग करायला लावू नका. जखम उघडी पडते. पहिल्या प्रयोगाला पुढारी आणि अधिकारी नकोत, बायका गप्प होतात. सुचलेले उपाय मात्र लगेच कागदावर उतरवा, ग्रामसभेत मांडायला तेच लागतात.