वाचकांचे प्रश्न : किलोवॅटवरून अँपिअर कसे काढावेत?

प्रश्न : एका थ्री-फेज मोटरच्या नेमप्लेटवर ३७ किलोवॅट, ४१५ व्होल्ट आणि ६४ अँपिअर असे आकडे आहेत. ३७,००० ला ४१५ ने भागले की ८९ येतात. चूक कुठे होते? शिवाय ट्रान्सफॉर्मरवर किलोवॅटऐवजी केव्हीए (किलोव्होल्ट-अँपिअर) का लिहितात?

उत्तर : आपला भागाकार सिंगल-फेजचा आहे. थ्री-फेजमध्ये ४१५ हे दोन फेजमधले, म्हणजे लाइन व्होल्टेज असते. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यातले व्होल्टेज ४१५ भागिले १.७३२, म्हणजे सुमारे २४० भरते. तिन्ही फेजची शक्ती एकत्र केली की सूत्रात १.७३२, अर्थात तीनचे वर्गमूळ, येते. ३७,००० ला १.७३२ आणि ४१५ या दोहोंच्या गुणाकाराने भागल्यास ५१.५ अँपिअर मिळतात.

तरीही नेमप्लेटवर ६४ आहेत, आणि नेमकी हीच गोष्ट अनेकांच्या हिशेबातून निसटते. मोटरवरचे किलोवॅट ही शाफ्टवर मिळणारी शक्ती असते, तारेतून घेतलेली नव्हे. म्हणून कार्यक्षमता (घेतलेल्या शक्तीपैकी शाफ्टवर मिळणारा भाग) आणि पॉवर फॅक्टर (व्होल्टेज व प्रवाह यांच्या हिशेबापैकी प्रत्यक्ष शक्तीत उतरणारा भाग) या दोन्हींनी भागावे लागते. या आकाराच्या मोटरसाठी ०.९३ आणि ०.८६ धरले, तर उत्तर ६४.४ येते.

ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग तापते ते प्रवाहामुळे आणि गाभा तापतो तो मुख्यतः व्होल्टेजमुळे. पुढे जोडलेल्या लोडचा पॉवर फॅक्टर किती असेल, हे बनवणाऱ्याला ठाऊक नसते. त्यामुळे क्षमता केव्हीएमध्येच सांगणे योग्य ठरते आणि प्रवाह काढताना पॉवर फॅक्टर मध्ये येत नाही. ५०० केव्हीए, ११,०००/४३३ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण लोडवरचा प्रवाह ४३३ व्होल्टच्या बाजूला ६६७ अँपिअर, तर ११,००० व्होल्टच्या बाजूला जेमतेम २६ अँपिअर असतो. पॉवर फॅक्टर ०.८ असेल, तर त्यातून ४०० किलोवॅटच घेता येतील.

एक आग्रहाची सूचना : नेमप्लेट वाचता येत असेल, तर ओव्हरलोड रिले (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ट्रिप होऊन मोटर बंद करणारे उपकरण) हिशेबाने नव्हे, तिच्यावरील अँपिअरनुसारच लावावा. मात्र स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणाऱ्या) रिले मोटरच्या वाइंडिंगकडे जाणाऱ्या फेजच्या तारांवर बसवलेला असेल, तर त्यातून लाइनच्या प्रवाहाचा ०.५८ पटच प्रवाह जातो. अशा वेळी तो ६४ वर नव्हे, ३७ अँपिअरवर ठेवावा, अन्यथा मोटर जळेपर्यंत तो ट्रिप होणार नाही.